गर्भपाताची बातमी आणि दोन कायदे : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या व वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझे रुग्णालय हे गर्भपातासाठी जिल्हा समितीची मान्यता असलेले केंद्र आहे आणि मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले आहे. तरीही राज्यात कुठे ‘अवैध गर्भपात केंद्रावर छापा’ पडल्याची बातमी तुमच्या पहिल्या पानावर किंवा पडद्यावर आली, की पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात भीती उतरते. पाळी चुकून दीड महिना झालेली, दोन लेकरांची आई असलेली बाई तपासणी झाल्यावर दबक्या आवाजात विचारते, की पिशवी साफ करून घेतली तर पोलीस घरी येतात का. एखादी तर विचारायलाही येत नाही. ती परस्पर कुणाकडून तरी गोळ्या आणून खाते आणि रक्तस्राव थांबेनासा झाला म्हणजे तिला रात्री-अपरात्री रिक्षात घालून आणले जाते. ही भीती कुठून आली याचा विचार करताना मी दरवेळी तुमच्या बातम्यांपाशी येऊन पोहोचते, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहिते आहे.

माझे म्हणणे एकच आहे. गर्भपात आणि गर्भलिंगनिदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे कायदे आहेत. पहिला काही अटींवर परवानगी देतो, दुसरा मनाई करतो. तुमच्या बातम्यांत हे दोन्ही इतके एकमेकांत मिसळले गेले आहेत की वाचकाला, औषध दुकानदाराला, पोलीस शिपायाला आणि धोरण ठरवणाऱ्यांनाही त्यांतला फरक दिसेनासा झाला आहे. त्याची किंमत ज्या स्त्रियांचा लिंगनिवडीशी काडीचाही संबंध नाही, त्या मोजत आहेत.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. तो एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याआधी १८६० च्या दंडसंहितेनुसार, आईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडला तर गर्भपात हा गुन्हा होता आणि तो करवून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरत होती. लपूनछपून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, आणि त्याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. त्यांच्या समितीचा १९६६ चा अहवाल हा या कायद्याचा पाया आहे. म्हणजे ज्या कायद्याबद्दल आज आपण कुजबुजत बोलतो, त्याच्या घडणीत आपल्या राज्याचा मोठा वाटा आहे. आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदाही देशात सर्वप्रथम महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मुंबईत चालवलेल्या मोहिमेचे ते फळ होते. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. तो नीट राबवला जावा यासाठी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था होत्या. या संस्था लिंगनिवडीच्या ठाम विरोधात होत्या आणि सुरक्षित गर्भपाताच्या तितक्याच ठाम बाजूने. या दोन भूमिकांत त्यांना कधी विसंगती वाटली नाही, कारण ती नाहीच.

परळीचे प्रकरण तुम्ही विसरला नसाल. मे २०१२ मध्ये परळी वैजनाथच्या एका खासगी रुग्णालयात, आधीच मुली असलेल्या एका स्त्रीचा सहाव्या महिन्यातल्या गर्भपातात मृत्यू झाला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली उरल्या होत्या, राज्याचा सर्वात खालचा आकडा. लेक लाडकी अभियानाच्या वर्षा देशपांडे यांनी या मृत्यूच्या दोन वर्षे आधीच त्या रुग्णालयाचे पितळ छुप्या चित्रीकरणाने उघडे पाडले होते, तरी ते चालू राहिले. तुम्ही हे प्रकरण लावून धरले आणि ते योग्यच केले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली, त्यात तुमच्या पाठपुराव्याचाही वाटा आहे. त्या काळात मी तुमची वृत्तपत्रे अधाशासारखी वाचत होते. पण वाचता वाचता लक्षात येत गेले, की मेलेली स्त्री दोन-तीन दिवसांतच बातमीतून नाहीशी झाली. मुलगा व्हावा म्हणून तिच्यावर कुणी दबाव आणला, तिला सहाव्या महिन्यात तिथवर कुणी आणले, तिथे भूल देणारे आणि रक्त देण्याची सोय होती का, हे प्रश्न मागे पडले आणि फाशीची मागणी पुढे आली. अशा प्रकरणांत खुनाचे कलम लावले जावे, असे सरकारी पातळीवरूनही जाहीरपणे बोलले जाऊ लागले. खुनाचे कलम एकदा या विषयात आले की ते लिंगनिवड करणाऱ्यापाशी थांबत नाही, कारण ते गर्भपातालाच खून ठरवते. ही गोष्ट एखाद्या अग्रलेखात तरी स्पष्टपणे यायला हवी होती.

परळीचा मृत्यू झाला त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात, बेळगावहून तिकडे गेलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा मृत्यू झाला. त्यांना सतरावा आठवडा होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकले होते, सविता गर्भपाताची विनंती करत होत्या, पण गर्भाचे ठोके ऐकू येत असेपर्यंत तिथल्या कायद्याचा अडसर होता आणि तेवढ्या दिवसांत जंतुसंसर्ग रक्तात पसरला. ‘आयरिश टाइम्स’ने १४ नोव्हेंबर २०१२ रोजी ही बातमी छापली. त्यानंतर तिथल्या पत्रकारांनी कोणत्या दिवशी काय झाले, केसपेपरवर काय नोंदले गेले, कायद्यातल्या कोणत्या तरतुदीमुळे डॉक्टरांचे हात अडले, हे महिनोन्‌महिने विचारले. २०१३ मध्ये त्या देशाने मर्यादित का होईना, पण नवा कायदा केला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. मराठीतही ती बातमी गाजली, सविता आपल्याकडच्याच म्हणून हळहळही झाली. एकाच वर्षात झालेले हे दोन मृत्यू मी वारंवार शेजारी ठेवून पाहते. दोन्हीकडे तरुण स्त्री रुग्णालयात दगावली. तिथल्या वृत्तपत्रांनी ती का दगावली हा प्रश्न सोडला नाही आणि धोरण स्त्रियांच्या बाजूने सरकले. इथे आपण गुन्हेगार कोण एवढ्यावर थांबलो आणि धोरण छाप्यांच्या दिशेने गेले. दोन प्रकरणे सारखी नाहीत, परळीत खरोखरच गुन्हा घडला होता, हे मी मान्य करते. तरीही प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतला फरक मला सोडून देता येत नाही.

छाप्यांचे धोरण नेमके कुठे जाऊन आदळले ते सांगते. परळीनंतर, आणि पुन्हा मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका होमिओपॅथी डॉक्टरच्या रुग्णालयाजवळ पुरलेले १९ गर्भ सापडल्यानंतर, गर्भपाताच्या गोळ्यांवर प्रशासनाची करडी नजर वळली. औषध दुकानांची तपासणी, विक्रीच्या नोंदींची छाननी, चिठ्ठीच्या प्रती, खुलासे. दुकानदाराने साधा हिशेब केला, की महिन्याला चार-दोन पाकिटे विकण्यासाठी हा ससेमिरा कशाला मागे लावून घ्यायचा, आणि माल ठेवणेच बंद केले. माझ्या गावातल्या बहुतेक दुकानांत या गोळ्या आजही मिळत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. आता यातली विसंगती पाहा. या गोळ्यांना आपल्याकडे मान्यता आहे ती गर्भधारणेच्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी. नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर लिंग दिसत नाही. त्यासाठी तिसरा महिना उलटून जावा लागतो. मुलगी म्हणून गर्भ पाडणाऱ्यांचा मार्ग या गोळ्यांच्या मान्य वापरातून जातच नाही. सोनोग्राफी केंद्रांवर ठेवायचा पहारा आपण गोळ्यांच्या कपाटावर बसवला, आणि ‘गर्भपाताच्या गोळ्यांचा साठा जप्त’ अशा मथळ्यांनी त्या पहाऱ्याला शाबासकी दिली. एकाही बातमीत मला नऊ आठवड्यांचा उल्लेख आढळलेला नाही.

या गोळ्या किती स्त्रियांचा आधार आहेत, याचा अंदाज मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इतर संस्थांसह केलेल्या आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून येतो. २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी झाले, असा तो अंदाज आहे. एवढ्या स्त्रिया काही कुणा टोळीच्या गिऱ्हाईक नाहीत. त्या तुमच्या वाचक आहेत, तुमच्या कचेरीत काम करणाऱ्या आहेत, तुमच्या घरातल्या आहेत. गोळी दुकानात मिळाली नाही म्हणून यांतली कुणी बाळंतपणाला तयार होत नाही. ती दुसरीकडून मिळवते, आणि किती गोळ्या, कशा, किती तासांनी घ्यायच्या हे सांगणारे तिथे कुणी नसते. गर्भ गर्भाशयात नसून नलिकेत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नलिका फुटून पोटात रक्तस्राव झाला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. ही तपासणी आधी झाली असती तर वाचली असती, असे म्हणण्याची वेळ आम्हा डॉक्टरांवर येते, आणि त्या मृत्यूची बातमी कुठेच येत नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या स्त्रियांची अडचण आणखी बिकट आहे. गर्भातले मोठे व्यंग बहुधा अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत कळते. हृदय नीट तयार झालेले नाही, मेंदूची वाढ झालेली नाही, असे ऐकून आलेल्या जोडप्याला मी पुढे पाठवते, तेव्हा शहरातली नामवंत रुग्णालयेसुद्धा हात आखडता घेतात. बारा आठवड्यांपुढची केस म्हटली की चौकशी मागे लागेल, ही धास्ती असते. लिंगनिदान कायद्याच्या नियमांमध्ये तर स्पष्ट म्हटले आहे, की या कायद्याखालील प्रकरणांच्या तपासात शक्यतो पोलिसांना गुंतवू नये, ते काम समुचित प्राधिकाऱ्याचे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याचे. तरी तुमच्या बातम्यांत वर्दी ठळक असते आणि प्राधिकारी शेवटच्या परिच्छेदात. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळलेल्या मुंबईच्या एका स्त्रीने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात धाव घेतली होती. चोविसावा आठवडा उलटला होता, कायद्याची मर्यादा विसाची होती, परवानगी मिळाली नाही. तिथून सुरू झालेला वाद संसदेपर्यंत पोहोचायला तेरा वर्षे लागली. २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरवले, बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग अशा ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही वाट ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर मंडळाचे मत प्रतिकूल असतानाही, तेहतिसाव्या आठवड्याच्या आसपास असलेल्या एका स्त्रीला परवानगी देताना निवड तिची आहे, मंडळाची नव्हे, असे सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये तिथला गर्भपाताचा अधिकार काढून घेतला तेव्हा मराठी वाहिन्यांवर रंगलेल्या चर्चा मी ऐकल्या. तेवढा वेळ आपल्या कायद्यातल्या या बदलाला मिळालेला मी पाहिला नाही. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याच्या सहीची गरज नाही, केवळ तिची संमती पुरते, ही १९७१ पासूनची तरतूद माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या बायकांनाही ठाऊक नसते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला, हेही नाही.

आता मुलींविषयी, जिथे तुमची चूक मला सर्वात जड वाटते. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे २३ वे कलम माध्यमांना पीडित मुलीचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, ओळख पटवणारे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई करते. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनेही गोपनीयता मोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. तुम्ही नाव छापत नाही, हे खरे. पण तालुका, गावाचे नाव, मुलगी कितवीत शिकते, आईवडील ऊसतोडीला कोणत्या भागात गेले होते आणि ती आजीजवळ राहत होती, एवढे छापल्यावर त्या गावात कुणाला काय कळायचे राहते? एप्रिल २०२४ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीला तिसाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि आठवड्याभरातच, तिच्या प्रकृतीची काळजी वाटून पालकांचे मन बदलल्यावर, तो आदेश मागे घेतला. त्या आठ दिवसांत वाहिन्यांवर आई की बाळ, कायदा की संस्कार, असे सामने लावले गेले. मुलगी इतक्या उशिरा न्यायालयात का पोहोचली, तिच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिला कुणी तपासले का, हे विचारणारी चर्चा मी शोधत होते. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या त्याच निकालात सांगितलेले आहे. ही एक ओळ तुमच्या जिल्हा आवृत्तीत छापून आली असती तर काही मुली आठव्या आठवड्यात आल्या असत्या.

हे तुमच्याकडून होणार नाही असे मला वाटत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये पत्रकारांनीच ऐरणीवर आणला. तेव्हा बातमीच्या केंद्रस्थानी ती बाई होती. तिचा उचलीचा करार, खाडा झाला तर कापली जाणारी मजुरी, पाळीच्या दिवसांतले फडावरचे हाल, पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देणारे डॉक्टर, सगळे तुम्ही मांडले आणि सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जिल्हा तोच, रुग्णालये तशीच, वार्ताहरही बहुधा तेच. गर्भपाताच्या बातमीत त्या वार्ताहरांनी तीच नजर ठेवावी, एवढेच मी मागते आहे.

म्हणजे छाप्याची बातमी आली तर त्यात नेमका कोणता कायदा मोडला गेला ते लिहा. लिंगनिदान झाले, की केंद्राला मान्यता नव्हती, की पदवी नसलेला माणूस गर्भपात करत होता? हे तीन वेगळे गुन्हे आहेत आणि पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ते एकाच वाक्यात कोंबलेले असतात, तुम्ही ते सोडवून घ्या. किती आठवडे होते ते विचारा. सात आठवड्यांच्या गर्भपाताच्या बातमीसोबत नऊ महिन्यांच्या पोटाचे किंवा पूर्ण वाढलेल्या बाळाचे चित्र लावू नका. तिथे गेलेल्या स्त्रीला गुन्हेगारांच्या रांगेत उभे करू नका. लिंगनिदान कायदासुद्धा, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे गृहीत धरतो. आणि धोरणाबद्दल लिहिताना, गोळ्यांवर किंवा गर्भपातावर नवे निर्बंध सुचवणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला आणि अधिकाऱ्याला विचारा, की याने लिंगनिवड कशी थांबेल आणि गरजू स्त्री कुठे जाईल.

एक बातमी तर आजही कुठल्याही वार्ताहराला बसल्या जागी मिळण्यासारखी आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मान्यताप्राप्त गर्भपात केंद्रांची यादी असते. तुमच्या जिल्ह्यातल्या किती तालुक्यांत एकही केंद्र नाही, किती ग्रामीण रुग्णालयांत प्रशिक्षित डॉक्टर आहे, तिथे या गोळ्या शेवटच्या कधी आल्या होत्या, बारा आठवड्यांपुढच्या स्त्रीला किती किलोमीटर दूर पाठवले जाते, हे विचारून छापा आणि त्यासोबत केंद्रांची नावे व पत्तेही द्या. माझ्या रुग्णालयाचे नाव त्या यादीत आहे. ते छापायला माझी हरकत नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
मराठवाड्यातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ